नस वाचवण्याची मुदत

कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खोबणीत, कातडीखाली जेमतेम झाकलेली एक नस असते. चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हिच्यामुळे. कुष्ठरोग तंत्रज्ञ घरी आला की रुग्णाचा हात आपल्या हातावर तोलून धरतो, कोपर जरासे वाकवतो आणि बोटांच्या पेरांनी ही नस चाचपतो. त्याची नजर मात्र हातावर नसते, रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. नस दुखरी असेल तर ते तोंडाने सांगण्याआधी डोळ्यांत दिसते. निरोगी नस मऊ असते, बोटाखालून सटकते. आजारी नस जाड आणि कडक लागते. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगून करंगळीच्या टोकाला बॉलपेन टेकवायचे आणि कुठे लागले ते बोट ठेवून दाखवायला सांगायचे. शेवटी करंगळी आणि अनामिका यांच्या मध्ये कागद धरायला द्यायचा आणि तो ओढून पाहायचा. कागद अलगद सुटून आला, तर हाताचे बारीक स्नायू दुबळे पडू लागले आहेत असे समजायचे.

सगळे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम. पण त्यामागे दीडशे वर्षांचे संशोधन उभे आहे आणि त्यातला मोठा वाटा मुंबईच्या प्रयोगशाळांचा आहे. नस का मरते, मेलेली नस पुन्हा कशी वाढते आणि केव्हा वाढतच नाही, हे प्रश्न युरोपात लढायांमधल्या जखमांनी ऐरणीवर आणले. महाराष्ट्रात ते कुष्ठरोगाने आणले. हे ज्ञान बीडसारख्या जिल्ह्यात कसे पोहोचले आणि कुठे अडले, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

बीडमधल्या परळीचा वैद्यनाथ हा वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने इथल्या लिंगात लपवले, ही कथा परळीत लहान पोरालाही ठाऊक असते. आधुनिक वैद्यकाची वाट मात्र बालाघाटातल्या गावांना फार उशिरा सापडली. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. संस्थानात कुष्ठरोगासाठी नाव घेण्याजोगे रुग्णालय होते ते निजामाबादजवळच्या डिचपल्लीला. मेथॉडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते उभे केले. उपचार होता कडूकवठाच्या जातीतल्या बियांच्या तेलाचा; त्याची इंजेक्शने अतिशय दुखत आणि महिनोन्‌महिने घ्यावी लागत. डिचपल्ली मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर आहे. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात! त्या काळी पाटोद्याच्या किंवा शिरूरच्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्याला डिचपल्ली म्हणजे परमुलूखच. अंगावर बधिर चट्टा उठलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा गावाबाहेरचे खोपट येई.

मुंबईत निराळे चित्र होते, पण फार बरे नव्हते. १८९० मध्ये तिथले म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांसाठी माटुंग्याला आश्रम काढला. वडाळ्याचे आजचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला ॲक्वर्थ आणखी एका कामासाठी माहीत असायला हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. आश्रमाचा हेतू मात्र रुग्णांना बरे करण्यापेक्षा त्यांना शहरापासून दूर ठेवण्याचा होता. १८९८ चा कायदा तोच दृष्टिकोन घेऊन आला आणि तो पुस्तकातून पुसला जायला २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद तर २०१९ मध्ये गेली.

माटुंग्याचा आश्रम निघाला तोवर रोगाचा जंतू सापडलेला होता. नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड आर्मोर हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा जंतू विलक्षण संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, आणि लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत अनेकदा पाच वर्षे निघून जातात. त्याला गारवा मानवतो. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा कातडीलगतच्या जागा त्याला सोयीच्या. म्हणून कोपर, मनगट, गुडघ्याखालची बाहेरची बाजू, घोटा अशा ठिकाणच्या उथळ नसा आधी सापडतात. पण नस सापडते म्हणजे नेमके काय होते, हे हॅन्सन यांच्या शोधातून कळत नव्हते.

नसेचे शास्त्र तेव्हा दुसऱ्याच वाटेने चालले होते. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि पुढच्या काही दिवसांत कापलेल्या जागेपलीकडचा भाग तुकडे होऊन विरघळताना पाहिला. तंतूचा जीव पेशीत असतो, पेशीपासून तुटलेला भाग जगत नाही, हे त्यातून ठरले. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ मध्ये या विषयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तुटलेल्या तंतूच्या टोकाला फुटलेला कोंब वाट शोधत पुढे कसा सरकतो, हे त्यांनी रेखाटून दाखवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यांनी एक साधी खूण नोंदवली. जखमेच्या जागेवरून पुढे नसेवर बोटाने टिचकी मारत जायचे; जिथे झिणझिण्या येतात तिथवर नवे तंतू पोहोचलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजेचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात नस नुसती दबलेली असते, दुसऱ्यात आतला तंतू तुटतो पण आवरण शाबूत राहते, तिसऱ्यात सगळेच तुटते. पहिल्या दोन प्रकारांत नस आपली आपण बरी होऊ शकते. तिसऱ्यात शल्यक्रियेवाचून गत्यंतर नसते.

नवा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटाशी तुटलेल्या नसेला बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने लागतात. कोपराशी तुटली तर तळहाताच्या स्नायूंपर्यंतची वाट वर्षभराची. तोवर वाट पाहणारा स्नायू वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोहोचली तरी तो तिला दाद देईलच असे नाही. सगळे गणित वेळेचे आहे.

ही वाढ होते कशाच्या आधाराने? प्रत्येक तंतूभोवती श्वॉन पेशींचे आवरण असते. तंतू तुटला की या पेशी आधी पडझड साफ करतात, मग संख्येने वाढून ओळीने उभ्या राहतात, आणि वेल मांडवावर चढावी तसा नवा कोंब त्या ओळीवरून पुढे जातो. मेंदू आणि मज्जारज्जूमध्ये हा आधार नसतो, म्हणून तिथली इजा भरून येत नाही. मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट आग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदराच्या पायातली नस त्याच्या मज्जारज्जूला जोडली, तेव्हा एरवी न वाढणारे तंतू त्या आधारावरून तीन सेंटिमीटरपर्यंत वाढले. तंतूत वाढण्याची ताकद होती, आधार नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू ठाण मांडतो तो नेमका या श्वॉन पेशींमध्ये. जिने नस पुन्हा उभी करायची, तीच पेशी आधी पोखरली जाते.

हे उमगायला पन्नासेक वर्षे लागली आणि त्यातली बरीच मेहनत परळ, भायखळा आणि वरळी या मुंबईच्या तीन भागांत झाली. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ मध्ये क्वेट्ट्याचा. लंडनला पॅथॉलॉजी शिकून ते परतले, त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. कर्करोगावरचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. कुष्ठरोगावरचे काम मात्र विस्मरणात गेले, आणि हा मोठा अन्याय आहे. अगदी कोवळ्या, नुकत्याच उठलेल्या चट्ट्यांचे तुकडे घेऊन त्यांनी चांदीच्या क्षारांनी नसांचे धागे रंगवले आणि जंतू कुठे आहेत ते पाहिले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी हा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की हा रोग मुळात नसांचा आहे. कातडीतल्या बारीक धाग्यांत जंतू शिरतो आणि तिथून वर, मोठ्या नसांकडे सरकत जातो. जंतू तंतूच्या आतून प्रवास करतो हे त्यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो प्रामुख्याने श्वॉन पेशीत दाखवला. पण कातडीच्या रोगांत मोजला जाणारा हा आजार नसांच्या बाजूने पाहायला खानोलकरांनी शिकवले, आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहिले.

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात दाराब दस्तूर काम करत. मज्जासंस्थेच्या पॅथॉलॉजीला त्यांनी वाहून घेतले होते. १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा कुष्ठरोगातल्या कातडीच्या नसांवरचा लेख आला. रुग्णाला एखाद्या जागी कितपत कळते आणि त्याच जागेच्या नसांची काय दशा झाली आहे, याचा मेळ त्यांनी घालून दाखवला. सत्तरच्या दशकात त्यांनी हेच काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे नेले.

त्याच जे. जे.मध्ये नोशीर अंतिया होते. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून ते परतले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी वाकडी झालेली बोटे, बसलेली नाके, मिटू न शकणाऱ्या पापण्या दुरुस्त करायला सुरुवात केली. पुढे जे. जे.मध्ये प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग त्यांनी उभारला. याच सुमारास वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. कुष्ठरोगात बोटे सडून झडतात, ही समजूत चुकीची आहे. बोटे जातात ती न कळणाऱ्या जखमांनी. चुलीवरचे भांडे उचलताना चटका बसतो आणि कळत नाही. रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि झोपही मोडत नाही. नसा ठरावीक ठिकाणीच मरत असल्याने पुढल्या हाताचे बरेच स्नायू धडधाकट राहतात. त्यातल्या एकाचा स्नायुबंध उसना घेऊन वाकड्या बोटांना जोडला की मूठ पुन्हा वळते.

अंतियांना एवढ्यावर समाधान नव्हते. हात वाकडा झाल्यावर सरळ करण्यापेक्षा नस मरताना नेमके काय होते ते पाहावे, म्हणजे तिला आधीच गाठता येईल, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मनगटावरून तर्जनीच्या पाठीकडे जाणारी एक बारीक नस निवडली. ती फक्त कातडीच्या संवेदनेची आहे; तिचा छोटा तुकडा काढला तर हाताची ताकद जात नाही. आधी तिच्यातून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजायचे, मग तुकडा काढून तंतू मोजायचे, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली श्वॉन पेशी पाहायच्या. १९७५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये वनजा शेट्टी आणि इतर सहकाऱ्यांनी हे काम पुढे कित्येक वर्षे चालवले. उंदराच्या नसपेशी काचेत वाढवून त्यांच्या श्वॉन पेशींत जंतू सोडण्याचे प्रयोगही तिथे झाले. १९९७ मध्ये अंतिया आणि शेट्टी यांचा नसा आणि कुष्ठरोग यांवरचा ग्रंथ आला.

हेच अंतिया अलिबाग तालुक्यातल्या मांडव्यात गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवत होते. कुष्ठरोग आणि क्षयरोग त्या बायका डॉक्टरांच्या आधी ओळखू लागल्या. एकीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि दुसरीकडे गावातली बाई, या दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवणारा शास्त्रज्ञ महाराष्ट्राला लाभला, ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याची पद्धत मात्र विदर्भाची. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. १९५१ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री बसवली, आणि १९५५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाने तीच उचलली. सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालणारा कुष्ठरोग तंत्रज्ञ यातून जन्मला. तीन औषधांचा बहुविध उपचार देशात आला तेव्हाही सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९४८ नंतर आधी हैदराबाद राज्य, मग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र, अशी वळणे घेत बीड या यंत्रणेत आला. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला डॉ. व्यंकटराव डावळे यांच्या धडपडीतून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. योगेश्वरी शाळेत शिकवलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव त्याला दिलेले आहे.

मग २००५ चा डिसेंबर आला. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणून देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, जुने तंत्रज्ञ निवृत्त होत गेले आणि नस चाचपायला शिकलेली बोटेही कमी झाली. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. औषधाने जंतू मरतो, लागण थांबते. पण नसांची सूज उपचार चालू असताना आणि संपल्यावरही येऊ शकते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर चाल करून जाते आणि त्या धुमश्चक्रीत नस चिरडते. अशा वेळी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या वेळेवर सुरू केल्या तर नस अनेकदा सावरते. वेळेवर म्हणजे बधिरपणा किंवा दुबळेपणा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नेपाळ आणि बांगलादेशात झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुन्या इजेला या गोळ्यांनी वेगळा फायदा दिसला नाही.

ही सहा महिन्यांची मुदत बीड जिल्ह्यात ऐकली की आधी गळीत हंगाम आठवतो. १९७२ च्या दुष्काळानंतर वाढत गेलेले ऊसतोडीचे हे स्थलांतर आता तीन पिढ्यांचे झाले. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावाकडे येणे नाही. एक दिवस खाडा झाला की त्याचे पैसे कापले जातात. दिवाळीला करंगळी बधिर झालेला माणूस गुढीपाडव्यानंतर गावच्या उपकेंद्रात दाखवायला जातो, तेव्हा नस वाचवण्याची मुदत संपत आलेली असते. मधल्या काळात त्या हाताने रोज कोयता धरलेला असतो, मुठीने तळहाताला आलेले फोड कळलेले नसतात, पाचटाने चिरलेली बोटे पाहायला सवड झालेली नसते. घरोघर शोधमोहिमाही त्याला गाठत नाहीत. राज्यातली क्षयरोग आणि कुष्ठरोगाची संयुक्त शोधमोहीम २०२० मध्ये डिसेंबरात झाली, २०२३ मध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या दिवसांत बीडच्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरेच असतात.

कोयत्याच्या जखमेचेही तेच. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्याने बुंध्याशी घाव घालायचा. पहाटेच्या अंधारात घाव चुकला तर डाव्या हाताची बोटे किंवा मनगट. कातडीला टाके पडतात, रक्त थांबते. आत तुटलेली नस जुळवायला सूक्ष्मदर्शक, केसापेक्षा बारीक धागा आणि त्यात तयार झालेला शल्यविशारद लागतो. पहिल्या काही दिवसांत तो मिळाला तर हात बराच परत येतो. महिने उलटले की तुटलेली टोके आक्रसतात, मग पायातली नस काढून मध्ये जोडावी लागते.

संशोधन थांबलेले नाही. एडिनबरोत अनुरा रामबुक्काना यांनी २०१३ मध्ये दाखवले की कुष्ठरोगाचा जंतू उंदराच्या श्वॉन पेशींची ओळखच पालटतो. त्यांना मूळपेशींसारख्या, निरनिराळी रूपे घेऊ शकणाऱ्या अवस्थेत नेतो आणि त्यांच्यावर स्वार होऊन पसरतो. ही किमया जंतूशिवाय साधली तर इजा झालेल्या अवयवांवर उपचार निघेल, या आशेने पुढचे काम चालू आहे. बडोद्यात वैद्यक शिकलेल्या आणि केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१७ मध्ये झेब्रामाशाच्या पारदर्शक पिलांत नस मरताना प्रत्यक्ष पाहिली. तिथे जंतूने चेतवलेल्या शरीराच्या रक्षक पेशीच नसेचे आवरण उतरवत होत्या. खानोलकरांनी रंगवलेल्या काचपट्ट्यांपासून इथवर सत्तरेक वर्षांचा प्रवास झाला.

या शोधांतून औषधे येतील तेव्हा येतील. आज हाताशी असलेले उपाय स्वस्त आहेत आणि माहीतही आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या गोळ्या, आशाताईला शिकवलेली नसांची तपासणी, बधिर पायासाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल, रोज हात पाण्यात भिजवून तेल लावण्याची सवय. अडते ते वेळापत्रकावर. आरोग्य खात्याने बीडमधली शोधमोहीम टोळ्या निघण्याआधी, भाद्रपदातच उरकावी. हंगामाच्या मध्यावर कारखान्याच्या तळांवर दुसरी तपासणी व्हावी आणि तिची जबाबदारी कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावर नावानिशी टाकावी. तपासणीचा आणि जखमेच्या उपचाराचा दिवस खाडा धरला जाणार नाही, एवढा हुकूम साखर आयुक्तालयाने काढावा.